एकाच चुलीचा हट्ट

नदीकाठच्या एका शहरात विद्याधर धोंगडे नावाचा एक सॉफ्टवेअर लिहिणारा राहत होता. त्याने एक लायब्ररी रचली होती. पुस्तकांची नव्हे, सॉफ्टवेअरच्या तयार भागांची; धरणाखालच्या गावांतले इशाऱ्याचे भोंगे जिच्या हिशेबावर वाजत, ती. पाणी किती चढलं ते लायब्ररी सांगे, भोंगा नुसता ओरडे.

ही लायब्ररी बांधून गावोगाव धाडायची तर काही अवजारं लागत. तीही सॉफ्टवेअरचीच. विद्याधरने लायब्ररी आणि अवजारं एकाच गाठोड्यात ठेवली होती. दोन्हींना आवृत्तीचा क्रमांक एकच, आणि दोन्हींची नवी आवृत्ती निघायची ती एकदमच.

त्याची सहकारी मंजिरी एकदा म्हणाली, "सर, अवजारं वेगळी ठेवू या. त्यांची दुरुस्ती सवडीने होईल, लायब्ररी गरजेला निघेल."

'वेगळी' म्हणताच विद्याधरच्या कपाळाला आठी पडली. घरातली भावकी फुटताना त्याने पाहिली होती. "म्हणजे वेगळी चूल मांडायची? माझ्या हयातीत नाही!"

आता अवजारांना कुठली आली भावकी आणि कुठली वाटणी! पण शहाण्या माणसालाही एखादा शब्द असा चकवतो.

श्रावणात झड लागली. एके दुपारी मंजिरीला लायब्ररीत चूक सापडली. पाणी एका खुणेच्या वर गेलं की हिशेब परत शून्यावर येत होता. म्हणजे पूर आला की भोंगा गप्प. धरणाचे दरवाजे संध्याकाळी उघडणार होते, आणि खालच्या गावात विद्याधरची थोरली बहीण, आक्का, राहत होती.

दुरुस्ती एका ओळीची. ती त्याने तेव्हाच केली. पण धाडणार कशी? नव्या बदलांसाठी खोललेली अवजारं त्याच गाठोड्यातून चालू आवृत्तीबरोबर तशीच अर्धी निघाली होती. गाठोडं मागच्या आवृत्तीवर न्यावं, तर लायब्ररीही मागे जाई, आणि मागच्या आवृत्तीत भोंग्याची सोयच नव्हती. तो अवजारं जोडत बसला. एक जोडावं तर दुसरं निखळे. मंजिरी आक्काला, तिथल्या पोलीस पाटलाला फोन लावत होती; एकही लागेना. आक्काचं काही बरंवाईट झालं तर, एवढंच विद्याधरच्या मनात घोळत होतं.

रात्री फोन वाजला. आक्का टेकडीवरच्या देवळातून बोलत होती.

"भोंगा काय वाजला न्हाई बघ, विद्या. गोठ्यात म्हशी रेकाय लागल्या म्हणून बाहेर बघितलं, तर पाणी दारात. सगळी पळालो."

"आणि म्हशी?" त्याने विचारलं.

"दावी सोडाय सवड कुठली?" आक्का म्हणाली, आणि रडू लागली.

विद्याधरची ती एक दुरुस्त ओळ अजून त्याच्या पडद्यावरच होती.

तात्पर्य: वस्तू आणि ती घडवणारी अवजारं एकाच दाव्याला बांधू नयेत, एकाचा खोळंबा दुसऱ्याचा घात करतो.