खेळमहालामागचा उतार

डोंगरांना अजून घाटरस्ते फुटले नव्हते आणि राण्याही पायीच बाजारात जात, त्या काळातली ही गोष्ट. सोनवळ नावाच्या एका चिमुकल्या राज्यात एक राणी राहत होती. मनाने फार चांगली. तिला एकच लेक, केतकी. नुकतीच दुधाचे दात पडायला लागलेली.

सोनवळची पोरं बाजारातच खेळायची. एकदा गुळाच्या ढेपा भरलेली बैलगाडी उतारावरून सुसाट आली आणि लगोरी मांडून बसलेली पोरं थोडक्यात वाचली. राणीने ते डोळ्यांनी पाहिलं. त्या दिवशी तिच्या घशाखाली घास उतरला नाही.

"प्रधानजी," ती म्हणाली, "माझ्या गावातल्या मुलांसाठी मला एक खेळमहाल बांधायचाय. अगदी सुरक्षित. मुंगीलासुद्धा ठेच लागता कामा नये."

प्रधानजी गोलमटोल, प्रेमळ आणि भयंकर काळजीवाहू. ते लगेच कामाला लागले. टेकडीवर जागा केली. जांभळीचं एक जुनं झाड तोडावं लागलं. ते झाड, खणून काढलेली माती, उरलेले धोंडे सगळं मागच्या उतारावर ढकलून दिलं. उताराखाली घोटाभर पाण्याचा ओहोळ वाहत होता. तिकडे कोण जातंय, असं म्हणून त्यांनी मागचं दार लावून घेतलं.

आणि खेळमहाल उभा राहिला! आरशासारखी गुळगुळीत फरशी. पितळी साखळ्यांचा झोपाळा. संगमरवरी घसरगुंडी. आणि मधोमध अंबारीसकट रंगवलेला लाकडी हत्ती, त्याची सोंड वर, डोळे काचेचे. पोरं आत आली आणि त्यांच्या तोंडून एकच लांबलचक "आऽऽ" निघाला. राणीचे डोळे भरून आले.

पहिले काही दिवस नुसती धमाल. मग हळूहळू काहीतरी बिघडलं.

हत्ती एकच होता. तांबटाचा रंगनाथ सगळ्यांत दांडगा, तो सकाळी जो चढून बसायचा तो उतरायचं नाव घ्यायचा नाही. झोपाळ्यावर मोठ्या मुली. घसरगुंडीवर जो ढकलेल तो पुढे. कोष्ट्याची चिमी सगळ्यांत लहान. ती रोज आईकडून वेणी घालून यायची, पायरीवर बसून बघायची आणि बघूनच घरी जायची.

भांडणं राणीपर्यंत गेली. प्रधानजींनी एक घंटा आणली आणि स्वतः घेऊन उभे राहिले.

"घंटा झाली! उतरा! पुढचा चढा! ढकलाढकली नको! रंगनाथ, उतर म्हटलं ना!"

आता भांडणं कमी झाली, पण पोरं हसायचीही कमी झाली. हत्तीवर बसायचं, उतरायचं, रांगेत उभं राहायचं, पुन्हा बसायचं.

एकदा जेवताना केतकी म्हणाली, "आईसाहेब, हत्तीवर बसून झालं. झोपाळा झाला. घसरून झालं. आता काय करू?"

"पुन्हा बस की हत्तीवर."

"पुन्हा बसूनही झालं," केतकी म्हणाली आणि भात चिवडत बसली.

 राणीला यावर विचार करायला वेळ नव्हता, कारण राज्यात पाहुणे येणार होते.

डोंगरापलीकडे दुसरं एक राज्य होतं. दोन्ही घराण्यांत कितीतरी वर्षांचा अबोला होता. कशावरून, ते आता कुणालाच धड आठवत नव्हतं, पण अबोला मात्र दोघांनीही लोणच्यासारखा मुरवून ठेवला होता. शेवटी आमच्या राणीनेच मन मोठं केलं आणि निरोप धाडला, "या एकदा. लेकरांना घेऊन या." पलीकडची राणी आपल्या लहानग्या मुलाला, मल्लेशला, घेऊन आली. तिला इकडची भाषा येत होती. मल्लेशला मात्र एक अक्षर कळत नव्हतं. तो आईच्या पदराआडून सगळ्यांकडे टुकूटुकू बघत होता.

"आमचा खेळमहाल बघा तरी!" राणी अभिमानाने म्हणाली.

पाहुण्याचा मान म्हणून प्रधानजींनी रंगनाथला खाली उतरवलं आणि मल्लेशला उचलून थेट अंबारीत बसवलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पण मल्लेशने खाली बघितलं, एवढ्या उंचावरून, एवढी अनोळखी तोंडं, आणि त्याचा ओठ थरथरला.

"बेडा!" तो ओरडला. "बेडा! बेडा!"

त्यांच्या बोलीत त्याचा अर्थ 'नको'. पण ते इथे, गर्दीमागे राहिलेल्या त्याच्या आईशिवाय, कुणाला माहीत?

"पेढा मागतोय!" एक जण म्हणाला.

लगेच कुणीतरी मुदपाकखान्याकडे धावलं. पेढ्यांचं ताट आलं. प्रधानजींनी टाचा उंचावून एक पेढा त्याच्या तोंडाशी धरला. मल्लेशने तो झटकून टाकला आणि भोकाडच पसरलं, "बेडाऽऽ!" पोरं खो खो हसू लागली. "आणखी मागतोय! आणखी द्या!"

पलीकडच्या राणीचा चेहरा उतरला. तिने पुढे होऊन लेकाला खाली घेतलं. "माझ्या मुलाला हसायलाच बोलावलं होतं का आम्हाला?" ती हळूच म्हणाली. हळूच म्हणाली, म्हणून ते जास्त लागलं. "आम्ही निघतो."

आमची राणी गोरीमोरी झाली. ती समजूत घालू लागली, प्रधानजी हात जोडू लागले, नोकर पेढे गोळा करू लागले. त्या गडबडीत मल्लेश आईचा हात सोडून पळाला. मागच्या दाराची कडी सैल होती. दार ढकललं आणि तो बाहेर. ते फक्त केतकीने पाहिलं. ती त्याच्यामागे धावली.

मल्लेश उतारावरून घसरत, धडपडत खाली गेला आणि ओहोळापाशी थांबला. त्याचं रडणं आपोआप थांबलं. तो उकिडवा बसला. पाण्याला बोट लावलं.

"नीरू," तो म्हणाला.

केतकी त्याच्याशेजारी बसली. तिनेही बोट लावलं. "पाणी."

"पाणी," तो म्हणाला.

"नीरू," ती म्हणाली.

दोघं हसले. मल्लेशने एक पान तोडून पाण्यात सोडलं. पान डुलत निघालं आणि दोन दगडांत अडकलं. केतकीने दगड सरकवला. पान सुटलं! मग दुसरं पान, मग काडीचं शीड लावलेलं तिसरं. पाणी कमी पडतंय म्हटल्यावर दोघंही माती ओढून बांध घालू लागले.

त्यांना शोधत रंगनाथ आला, त्याच्यामागे बाकीची पोरं आली. कुणीच काही विचारलं नाही. पाणी अडवायचं आहे, हे दिसतच होतं.

मोठे धोंडे कुणाला हलेनात. रंगनाथने बाह्या सरसावल्या आणि एकेक धोंडा गडगडत आणून दिला. पहिल्यांदाच त्याची ताकद सगळ्यांना हवीशी वाटली. पण धोंड्यांमधून पाणी झिरपतच राहिलं. तेव्हा चिमी, जी आजवर पायरीवरून उठली नव्हती, उताराच्या एका कोपऱ्यातून ओंजळभर चिकट पिवळी माती घेऊन आली आणि तिने एक भोक लिंपून टाकलं. पाणी थांबलं!

"चिमे! अजून आण!" रंगनाथ ओरडला.

"तू ये माझ्याबरोबर," चिमी ऐटीत म्हणाली. "मी दाखवते कुठे आहे ती." आणि दांडगा रंगनाथ चिमुरड्या चिमीच्या मागून निमूट गेला.

ज्यांना बांधाचा कंटाळा आला ते आडव्या जांभळीवर चढले. शेंड्याकडच्या पोरांना ती होडी वाटली, बुंध्याकडच्यांना बैल. मधल्या फांदीत दोन मुलींनी मिठाईचं दुकान थाटलं, मातीचे लाडू, वर खड्यांचे बेदाणे. होडीतले आणि बैलावरचे लोक त्यांच्याकडून लाडू विकत घेऊ लागले. नेहमी एकटाच बसणारा एक मुलगा मुंग्यांची रांग कुठे जाते ते बघत पालथा पडला होता. त्याच्याशेजारी आणखी दोघं तसेच पालथे पडले. पाळी कुणाची, हे विचारायला कुणाला सवडच नव्हती. मल्लेशला भाषा येत नव्हती, हे तर सगळे विसरूनच गेले होते. तो होडीचा नावाडी होता आणि "बा! बा!" म्हणून सगळ्यांना वर बोलवत होता. 'ये, ये' हा त्याचा अर्थ कुणी शिकवायची गरज पडली नाही.

वर खेळमहालात एकदम शांतता झाली होती.

"मुलं कुठायत?" दोन्ही राण्या एकदमच म्हणाल्या.

मग जी धावपळ उडाली! मागचं दार उघडं दिसलं. दोन्ही राण्या पदर खोचून उतारावरून धावत आल्या, मागून धापा टाकत प्रधानजी, त्यांच्यामागे शिपाई.

आणि नेमक्या त्याच क्षणी नावाडी मल्लेश तोल जाऊन होडीतून सरळ ओहोळात पडला. धप्प!

सगळे गोठले.

मल्लेश उठून बसला. डोक्यापासून पायापर्यंत चिखल. गुडघा खरचटला होता, त्यातून रक्ताचा एक थेंब आला होता.

"अरे देवा!" प्रधानजींनी कपाळाला हात लावला. "पाहुण्यांचं लेकरू! राणीसाहेब, हुकूम द्या. उद्याच्या उद्या हा उतार सपाट करतो. वर फरशी. ते झाड फोडून सरपणाला. ओहोळ बुजवून टाकतो, म्हणजे चिंताच नको!"

शिपाई हुकमाची वाट बघू लागले. पोरांचे चेहरे पडले. चिमीने ओंजळीतली माती छातीशी धरली.

राणीने बोलायला तोंड उघडलं. 'हो' म्हणायचं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. तिला गुळाची गाडी आठवली. रक्ताचा तो थेंब दिसत होता. समोर रुसलेली पाहुणी उभी होती. पण तेवढ्यात तिची नजर लेकीकडे गेली. केतकीचं नाक चिखलाने माखलं होतं, झग्याला पाचोळा चिकटला होता, आणि डोळे असे चमकत होते, की कितीतरी दिवसांत तिने ते तसे पाहिले नव्हते.

"थांबा," राणी म्हणाली. "जरा बघू या."

मल्लेशने आपला गुडघा निरखून पाहिला. रंगनाथने हात देऊन त्याला उभं केलं. चिमीने पाण्यात बुडवलेलं एक पान त्याच्या गुडघ्यावर ठेवलं आणि वैद्यीणबाई असल्यासारखी मान डोलावली. मल्लेशने एकवार आईकडे बघितलं. सगळ्यांना वाटलं, आता रडतोय.

तो खळखळून हसला. "बा!" तो आईला म्हणाला, चिखलाचा हात पुढे करून. "अम्मा, बा!"

 पलीकडच्या राणीने चपला काढल्या.

"पाणी गार आहे हो," ती ओहोळात पाय घालत म्हणाली, आणि सकाळपासून पहिल्यांदा हसली. "लहानपणी आमच्या घरामागेही असंच होतं. मग मी राणी झाले आणि विसरले."

आमच्या राणीने मुलांना विचारलं, "पोरांनो, इथे तुमच्यासाठी काय बांधू? छत्री? बाकं? पूल?"

पोरांनी एकमेकांकडे बघितलं.

"काही नको," चिमी म्हणाली. राणीशी ती पहिल्यांदाच बोलत होती. "पूल आम्हीच बांधणार आहोत."

"आणि पडलात तर?"

"आत्ता तर पडला की तो," रंगनाथ म्हणाला. "पडला, उठला."

राणी प्रधानजींकडे वळली. "काटेरी झुडपं तेवढी काढा. धारदार कपच्या वेचून टाका. ओहोळाला पूर आला, की लेकरांना इकडे येऊ द्यायचं नाही. एरवी रोज कुणीतरी मोठं माणूस इथे बसेल, लक्ष ठेवेल, पण मधे मधे करणार नाही. बाकी ह्या उताराला हात लावायचा नाही."

"पण राणीसाहेब, चिखल..."

"चिखल धुता येतो, प्रधानजी."

पाहुणे त्या दिवशी निघायचे होते, ते कितीतरी दिवस राहिले. दोन घरांतला अबोला कधी मिटला, ते कुणाला कळलंच नाही. निघताना पलीकडची राणी म्हणाली, "आमच्याकडेही एक ओढा आहे. त्यावर मी घाट बांधणार होते. आता नाही बांधत. केतकीला घेऊन या." आणि मल्लेश सगळ्यांना सोनवळच्या भाषेत म्हणाला, "पुन्हा येतो!"

खेळमहाल पडून राहिला असं मात्र नाही हं. पोरं तिथेही जात, पाऊस फार झाला की, किंवा ऊन फार झालं की. पण इतर वेळी सगळी उतारावर. तिथे रोज नवीन गाव वसायचं आणि रोज संध्याकाळी मोडायचं.

एकदा दिवेलागण झाली तरी पोरं घरी आली नाहीत. आया म्हणाल्या, "जरा बोलावून आणा हो." राणी म्हणाली, "मीच जाते." ती गेली आणि तीही परत येईना. तेव्हा तिला बोलवायला प्रधानजी गेले. बराच वेळ झाला. शेवटी आचारीणबाई पळी हातात घेऊन स्वतः उतारावर गेली, तर काय! राणी दुकानात बसून मातीचे लाडू वळत होती, आणि प्रधानजी, पागोटं बाजूला ठेवून, चार पायांवर बैल झाले होते. चिमी त्यांच्या पाठीवर बसून ओरडत होती, "चल रे ढवळ्या!"

"जेवण थंड होतंय!" आचारीणबाई म्हणाली.

"आलो, आलो," बैल म्हणाला. "एवढा भारा तेवढा पोचवून येतो."

लेकरांना सांगताना आणि थोरांनी मनात ठेवताना, ह्या गोष्टीचं तात्पर्य एवढंच: मुलांना नुसती तयार खेळणी देऊ नका, थोडी माती, थोडं पाणी आणि एखादं आडवं झाड द्या. खेळ ती स्वतः घडवतील, आणि त्या खेळात दुबळ्या-दांडग्या सगळ्यांना जागा असेल.