शिळेच्या दारावरचा शब्द

एका राज्यात अक्षरे पळत असत. पान उघडले की मुंग्यांसारखी ती कडेकडेने निघत आणि दिसेनाशी होत. मोठ्यांपुढे गुमान बसत; पळत ती फक्त काही मुलांच्या डोळ्यांपुढून.

हा शाप कलकेतू जादूगाराचा. लहानपणी त्याला वाचता येईना, म्हणून राजशाळेने त्याला हसून हाकलले होते. मोठा होऊन तो परतला. शाळेच्या अंगणात त्याने शिळेचे दार उभे केले आणि म्हणाला, "अक्षरे ज्याच्या डोळ्यांपुढून पळतील, त्याने बाराव्या वाढदिवशी दारावरचा शब्द वाचावा. न वाचेल तो दगड होईल." एवढे बोलून तो दाराआड गेला, तो गेलाच.

शाळेच्या गुरू होत्या वेणूअक्का. वल्लभ नावाच्या पहिल्या मुलाकडून त्यांनी दारावरचा शब्द घोकून घेतला. पण पहाटे दाराने आपणहून शब्द बदलला. वल्लभने कालचाच शब्द खणखणीत म्हटला आणि म्हणता म्हणता तो दगड झाला. पुढे आणखी सहा मुले गेली. अक्का रोज त्या सात मूर्तींची धूळ पुसत. वल्लभचा घात आपण केला, या विचाराने त्यांना घास गिळवत नसे.

आठवी पाळी राजकन्या इरावतीची. उरले तीन महिने.

"अक्का, शंभर पंडित देतो," राजा म्हणाला.

"पंडित नकोत, महाराज. नदीची वाळू द्या."

कारण शाळेच्या कौलांवर एक म्हातारी साळुंकी राही, आणि तिला माणसांची भाषा येई. ती अक्कांना म्हणाली होती, "शाप डोळ्यांना आहे. बोटांचे नाव घ्यायला कलकेतू विसरला. मात्र दाराशी मुलीचा हात धरलास, तर दोघी दगड व्हाल."

अक्कांनी धूळपाटीवर वाळू पसरली आणि इरावतीचे बोट धरून अक्षर गिरवले. अक्षर हलले नाही! दोघी बघतच राहिल्या. पण ओळख पटायला दोन महिने गेले. कितीदा राजकन्येने वाळू भिरकावली, कितीदा ती अक्कांच्या मांडीवर रडली. मग अक्कांनी कणकेची अक्षरे केली. ती डोळे मिटून चाचपायची. शेवटी अंगणभर चुन्याचे अक्षर काढून त्यावरून चालायचे.

"अजून किती वेळ?" राजा विचारी. राजेच ते, उतावळे.

"लागेल तेवढा, महाराज."

वाढदिवस उजाडला. इरावतीने दाराकडे पाहिले मात्र, अक्षरे सैरावैरा पळाली. तिने डोळे मिटले, बोट शिळेवर ठेवले. अक्षरे आपापल्या खाचेत परत आली.

"सा," ती म्हणाली.

दुसऱ्या अक्षरावर बोट अडले. तिच्या पायाची बोटे करडी पडू लागली. अक्कांचा हात आपसूक पुढे झाला. पण त्यांनी दोन्ही हात पाठीमागे घट्ट बांधले.

"पोटात रेघ आहे का?" इरावती पुटपुटली. "नाही. पोट रिकामे. ब नव्हे, व." मग बोट भराभर चालले. "का. श. सावकाश!"

दार उघडले. सात दगडांत ऊब आली, सात मुले जांभया देत हलली. अक्कांनी वल्लभला कवटाळले. "चुकले माझे, बाळा." राज्यातल्या पोथ्यांतली अक्षरे जागेवर आली, थोडी चुळबुळ मात्र राहिली.

दारातून एक वाकलेला म्हातारा बाहेर आला. तो कलकेतू होता. शिपायांनी तलवारी उपसल्या, पण त्याचे कोणाकडेच लक्ष नव्हते.

"मुली," तो म्हणाला, "माझ्याच दारावर काय लिहिले आहे, ते मला कधी वाचता आले नाही. सांगशील?"

"सांगणार नाही, आजोबा. डोळे मिटा. बोट ठेवा."

म्हाताऱ्याचे बोट शिळेला लागले. इरावती एक पाऊल मागे सरली, आणि अक्कांसारखेच दोन्ही हात पाठीमागे बांधून थांबली.