सायाळीची हरकत

एका डोंगराच्या पायथ्याशी जनावरांनी मिळून वसवलेले एक गाव होते. त्या गावाबाहेरच्या माळावर, बोरीच्या जाळीखाली, एक सायाळ बीळ करून राहत असे. मुलांनो, सायाळ म्हणजे साळिंदर. अंगभर काटे असतात तिच्या. दिवसभर ती आपल्या दोन पिलांजवळ झोपायची आणि अंधार पडला की बाहेर येऊन कंदमुळे उकरायची. कोणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. पोट भरत होते, पिले वाढत होती. तिला आणखी काही नको होते.

गावचा कारभारी एक वानर होता. कोणती जागा कोणाला द्यायची, वाट कुठून काढायची, पाणवठ्यावर कोणी कुठे उतरायचे, सगळे तो वडाच्या पारावर बसून ठरवी. रीत अशी होती की कावळ्याने पारावरून तीन वेळा ओरडायचे, "कोणाची हरकत?" कोणी बोलले नाही की वानर म्हणे, "हरकत नाही," आणि विषय संपे. हा शब्द त्याच्या तोंडी इतका बसला होता की कोणी राम राम केला तरी तो "हरकत नाही" म्हणे.

एके दिवशी भर दुपारी मोर पाराशी आला. "कारभारी, मला नाचायला मैदान पाहिजे. तो माळ द्या. पडीकच आहे."

"माळावर कोण राहतं?" वानराने विचारले.

"कोणी नाही," कावळा म्हणाला. "मी रोज वरून उडतो. चिटपाखरू दिसत नाही."

"नुसती बिळं आहेत," मोर म्हणाला. "त्यांत माझा पाय अडकतो. तेवढी बुजवून द्या."

कावळा तीन वेळा ओरडला. सायाळ बिळात गाढ झोपली होती. घुबड झोपले होते, वटवाघळे झोपली होती. "हरकत नाही," वानर म्हणाला. दुसऱ्या दिवशी दुपारी बिळे बुजवायची, असे ठरले.

तिन्हीसांजेला सायाळ बाहेर आली, तर मोर पावलांनी माळ मोजत होता. त्याने मोठ्या खुशीत तिला बातमी सांगितली. सायाळीने वळून बिळाकडे पाहिले. पिलांचे काटे अजून मऊ होते. त्यांना घेऊन उघड्यावर कुठे जाणार? ती तशीच पाराकडे धावली. वानर झोपायच्या बेतात होता.

"कारभारी, माझ्या घरावर माती टाकणार, आणि मला विचारलंसुद्धा नाहीत?"

"विचारलं की. तीन वेळा विचारलं. तू हरकत घेतली नाहीस."

"मी झोपले होते."

"झोपला तो संपला!" वानराने जांभई दिली. "गाव काही तुझ्या झोपेसाठी थांबायचं नाही, बाई. जो बोलला नाही तो राजी. नियम म्हणजे नियम."

"सगळ्यांना सारखा?"

"सगळ्यांना सारखा," वानर म्हणाला, आणि फांदीवर चढून घोरू लागला.

सायाळीने काटे फुलवले. मग पुन्हा मिटले. रागावून बीळ वाचणार नव्हते. ती घुबडाकडे गेली आणि म्हणाली, "दादा, आज पारावर सभा भरवू. रीतीप्रमाणे."

अंधार दाटला तसे घुबड पारावर येऊन बसले. सायाळ म्हणाली, "हा पार पडीक आहे. रात्रभर इथं कोणी बसत नाही. मला बिळासाठी द्या." घुबडाने घुमून तीन वेळा विचारले, "कोणाची हरकत?" कावळा पंखात चोच खुपसून गप्प. मोर गप्प. एक वटवाघूळ वानराच्या कानाशी गेले. "कारभारी, तुमची काही हरकत?" वानराने झोपेतच कूस बदलली आणि पुटपुटला, "हरकत नाही." वटवाघळे इतकी हसली की दोन-तीन फांदीवरून सुटली. सायाळ मात्र हसली नाही. ती पार उकरायला लागली.

सकाळी वानराने रोजच्यासारखी पारावर उडी मारली आणि तो कमरेपर्यंत भोकात गेला.

"माझा पार कोणी उकरला?"

"मी," सायाळ म्हणाली. ती पाराशेजारीच जागत बसली होती. "रात्री सभा झाली. तीन वेळा विचारलं. तुम्ही हरकत घेतली नाहीत."

"अगं, मी झोपलो होतो!"

हे बोलला, आणि त्याचे तोंड उघडेच राहिले. कावळ्याने मान दुसरीकडे वळवली.

"नुसते झोपला नव्हता, कारभारी," वटवाघूळ वरून उलटे लटकत म्हणाले. "हरकत नाही, असं स्वतःच्या तोंडानं म्हणालात."

मोर खो खो हसला. मग त्याच्या ध्यानात आले की रात्री तोही गप्पच होता. त्याने पिसारा आवरला.

वानर तोऱ्यात असे, पण बेइमान नव्हता. नियम त्याचाच होता. भोकातच उभा राहून त्याने बराच वेळ डोके खाजवले. शेवटी म्हणाला, "बाई, माळ तुझाच. बीळ तुझंच. माझा पार मला परत दे. आणि आधी मला बाहेर काढ."

"हरकत नाही," सायाळ म्हणाली.

त्या दिवसापासून गावाची सभा तिन्हीसांजेला भरू लागली. दिवसाची जनावरे तेव्हा अजून झोपलेली नसतात आणि रात्रीची उठलेली असतात. पहिल्याच सभेत मोराला ओढ्याकाठची वाळू मिळाली. देण्याआधी कावळा ती उजेडात पाहून आला आणि घुबड अंधारात. आता मोर संध्याकाळी नाचतो, तेव्हा सायाळीची पिले बिळाच्या तोंडाशी बसून पाहतात. वानराने पारावरचे भोक बुजवून घेतले. पण उडी मारण्याआधी तो अजूनही खाली पाहतो.

तात्पर्य : झोपलेल्याचे गप्प राहणे म्हणजे होकार नव्हे. जागा कोणाची हे ठरवण्याआधी, कोण जागा आहे ते पाहावे.