चार माणसांचं मीठ

फार पूर्वीची, म्हणजे गिझर वॉरंटीत होता तेव्हाची गोष्ट. एका घरात बोअरचं जड पाणी मऊ करणारं मशीन आलं आणि त्यानं मीठ मागितलं. स्वयंपाकघरातल्या मिठाच्या बरणीला आपल्या अंदाजाचा भारी तोरा. ती म्हणाली, "माणसं चार, मुठी चार. आमटीला पुरतं, तुलाही पुरेल."

"बरणीबाई, माणसं नका मोजू, पाणी मोजा," मशीन म्हणालं. "सकाळपासून बाहेर गाडी धुतायत."

"मेलं खादाड!" बरणी फणकारली. मशीनला चारच मुठी मिळाल्या.

आठवड्यात मीठ संपलं, पाणी पुन्हा जड झालं आणि साबणाला फेस येईना. वर्षभरात गिझरच्या पोटात पांढरे थर साचले आणि ऐन दिवाळीच्या अभ्यंगस्नानाला तो फट्कन गेला. बादली, तांब्या, नळ, सगळे बरणीकडे बघायला लागले.

बरणीनं झाकण सावरलं. "माझा अंदाज बरोबरच होता," ती म्हणाली. "पाणीच चुकीचं आलं."