निळा दिवा लुकलुकतो तोवर

“आता तरी चावी द्याल की नाही, मॅडम?”

आमच्याकडे नव्याने शिकायला आलेला प्रणीत कपाटासमोर उभा होता. लोखंडी कपाट, आत ओळीने खोचलेले सर्किट बोर्ड. जिल्ह्यातून कुणीही रुग्णवाहिकेसाठी फोन केला की तो यांच्यातूनच जातो. त्यामुळे कपाटाची वीज बंद करायची सोय नाही. बिघडलेला बोर्ड चालू कपाटातूनच काढायचा. आमचं केंद्र आजवर एकदाही बंद पडलेलं नाही, आणि हे आम्ही आल्या-गेल्याला दोनदा ऐकवतो.

चावी आरगडे मॅडमच्या गळ्यात असे. चावी मिळाली की बोर्ड एकट्याने बदलायचा. तोवर मॅडमच्या देखत. कपाटाचं दार उघडं असलं की त्या खोली सोडत नसत. बाहेर चहा निवून जाई, तरी नाही.

“सरावाच्या कपाटात माझ्याइतका झटपट बोर्ड कुणी बदलत नाही,” प्रणीत म्हणाला. खोटं कशाला बोला, पोराचा हात देखणाच होता. “मी बोर्ड काढतो ते कपाटाला कळतसुद्धा नाही.”

“कपाटाला नाही कळत. तुला कळतं?”

“काय?”

मॅडमनी सारख्या तापणाऱ्या एका बोर्डकडे बोट केलं.

“काढ.”

अंगातली स्थिर वीज बोर्डला लागू नये म्हणून प्रणीतने मनगटाला तारेचा पट्टा बांधला. बोर्डची कडी अर्धी उघडली. एवढ्याने बोर्डला निरोप जातो की नवा फोन घेऊ नको, हातातला संपव. निळा दिवा लुकलुकू लागला. तो स्थिर झाला की बोर्ड मोकळा.

सरावाच्या कपाटात तो लगेच स्थिर होई. तिथे फोन कुठले यायला!

इथे होईना.

...

दारात आम्ही चार-पाच जण बघत उभे होतो. प्रणीतचे कान लाल झाले.

“दिवाच बिघडलाय, मॅडम. ओढतो.”

सोलापूरचं ऊन अडवायला काचेवर पडदा होता, तो मॅडमनी बाजूला सारला.

काचेपलीकडे, फोन घेणाऱ्यांच्या खोलीत, नसीमताई फोनवर होत्या. डोळे मिटलेले. उजवा तळहात टेबलावर दाबत होत्या, पुन्हा पुन्हा, एका ठेक्यात.

“दाबा... दाबा... थांबू नका दादा, छातीवर जोर द्या... गाडी आलीच...”

प्रणीतने कडीवरचा हात काढला. नुसता काढला नाही, पाठीमागे नेला.

...

दिवा लुकलुकत होता. आता त्याला कुणी बिघडलेला म्हणत नव्हतं.

“पोचली गाडी,” नसीमताई शेजारणीला म्हणाल्या. हेडफोन काढला आणि पाण्याची बाटली तोंडाला लावली.

दिवा स्थिर झाला.

प्रणीतने बोर्ड अलगद बाहेर घेतला. पिशवीत ठेवला.

“चावी राहू दे तुमच्याकडेच,” तो म्हणाला.

मला त्या पोराचा असा अभिमान वाटला म्हणून सांगू!

मॅडमनी चावीचं नाव काढलं नाही. कपाटाचं दार सताड उघडं होतं. त्यांनी चपला पायात सरकवल्या आणि आमच्यामधून वाट काढत खोलीबाहेर पडल्या.

“नवा बोर्ड बसव,” म्हणाल्या. “मी चहाला जाते.”