मौनसरोवराचे कालबीज

त्रिपुरे जळून भस्म झाली, त्यांची राख समुद्रांवर विरली आणि देव-दानवांनाही काही काळ युद्धाचा कंटाळा आला, त्या युगातली ही कथा आहे. गोदावरीच्या तीरी पिंगाक्ष नावाच्या तपोनिधींचा आश्रम होता. अखंड होमधूमाने तिथल्या आम्रवृक्षांची पालवीसुद्धा सावळी दिसे, आणि वेदघोषाची इतकी सवय झालेली की हरिणे पाठशाळेच्या दारातच झोपी जात. अशा या पुण्यस्थळी एक लाजिरवाणी गोष्ट घडू लागली होती. पिंगाक्षांचे पंचांग चुकत होते. वर्षाचा पहिला दिवस कोणता, हेच हातातून निसटले होते, आणि एकदा ते निसटले की पुढचे सारेच मुहूर्त हुकतात. ऋषींनी सांगितलेल्या दिवशी लोक पेरणी करीत आणि बी मातीतच करपून जाई. लोक ऋषींना काही बोलत नसत, आणि ऋषींना तेच अधिक लागे.

कालगणनेचे मूळ मयासुराच्या वंशाकडे आहे, हे पिंगाक्ष जाणून होते. त्रिपुरांचा तो महाशिल्पी शंकराच्या कृपेने अग्नीतून वाचला होता आणि समुद्रापलीकडच्या पाताळभूमीत जाऊन वसला होता. दानवांच्या दारी विद्या मागायची, म्हणून आश्रमातल्या काही वृद्धांनी नाके मुरडली. पिंगाक्षांनी तिकडे लक्ष दिले नाही. त्यांनी आपला पट्टशिष्य दर्भायण याला आशीर्वाद देऊन परदेशी धाडले.

दर्भायण बुद्धीने तल्लख, पाठांतराला पक्का आणि स्नानाच्या बाबतीत कमालीचा हट्टी होता. तीर्थ दिसले आणि त्यात बुडी मारली नाही, तर तीर्थाचा अपमान होतो, अशी त्याची निष्ठा. वाटेतली एकही नदी, एकही संगम त्याने सोडला नव्हता. थंडीने दात वाजत असतानाही हा गडी संकल्प म्हणत पाण्यात उतरायचा आणि बाहेर आल्यावर जग जिंकल्यासारखा चालू लागायचा. पाताळभूमीत पोचल्यावर मात्र त्याची चांगलीच फजिती झाली. तिथे पिवळ्याधमक दाण्यांच्या कणसांची भाकरी खावी लागे, आणि पहिले काही दिवस ती त्याच्या घशाखाली उतरेना. मग भूक वरचढ ठरली आणि पुढे तो ती मागून खाऊ लागला.

त्याला गुरू लाभली ती मयाची नात, आचार्या धूम्रलेखा. केस पांढरे, पाठ ताठ, बोलणे मोजके. ग्रहांच्या गती, ग्रहणांचे गणित, सगळे तिने हातचे न राखता शिकवले. वर्षाचा पहिला दिवस ओळखण्याचे कालबीज तेवढे उरले. ते अग्निगर्भ पर्वताच्या माथ्यावर, मौनसरोवराच्या काठीच मिळते, आणि तेही वर्षातून एकाच मध्यान्ही, असे ती म्हणाली. तो दिवस उगवला तेव्हा पर्वताच्या पायथ्याशी थांबून तिने त्याला एवढेच सांगितले की वर गेल्यावर मी करीन तेवढेच कर. दर्भायणाने मान डोलावली. घाईने डोलावलेली मान फारशी विश्वासाची नसते, पण म्हातारी चढणीला लागली.

चढण मोठी विलक्षण होती. पायाखाली काळी भुसभुशीत राख, पाऊल वर टाकावे तर निम्मे खाली घसरावे. पर्वताच्या पोटातून मधूनच उष्ण श्वास बाहेर पडे. खालच्या उतारांवर दानवांची गावे आणि कणसांची शेते कोवळ्या उन्हात पसरली होती. माथ्याजवळ मात्र ओलसर अरण्य लागले, शेवाळाने झाकलेले वृक्ष आणि त्यांच्या फांद्यांवर उमललेली लाल फुले. आणि मग ज्वालांच्या जुन्या मुखात साठलेले ते वर्तुळाकार, हिरवेगार, जरासुद्धा न हलणारे जळ दिसले. दर्भायणाचे डोळे भरून आले. इतके सुंदर तीर्थ त्याने कधी पाहिले नव्हते.

धूम्रलेखेने हातातला दंड काठावर रोवला, फुले ठेवली, डोळे मिटले आणि ती बसून राहिली. दर्भायण वाट पाहत होता की आता ही उतरेल, निदान आचमन करील. ती हलेना. त्याला तिची कीव आली. एवढे मोठे तीर्थ उशाला असून या लोकांना साधे स्नान ठाऊक नाही, असे त्याला वाटले. आपण तरी तीर्थाचा मान राखावा, म्हणून त्याने उत्तरीय काठावर ठेवले, संकल्प केला आणि पाण्यात बुडी मारली.

वर येतो तो पाणी कोमट झालेले. पक्षी एकाएकी गप्प झाले. पर्वताच्या पोटात काहीतरी कुशीवर वळल्यासारखे घुमले आणि सरोवरावर दाट धुके चढू लागले. दर्भायण धडपडत काठावर आला. त्याला भीती वाटली, आणि त्याहून जास्त शरम.

धूम्रलेखेचा चेहरा पांढराफटक पडला होता, पण स्वर चढला नाही. ती म्हणाली, "कुमारा, त्रिपुरात आमची एक अमृताची विहीर होती. एके दिवशी एक गाय आली. पाहुणी म्हणून आम्ही तिला अडवले नाही, आणि तिने सारी विहीर पिऊन टाकली. गायीच्या रूपात तुमचा देवच आला होता, हे तुमच्या पुराणांत मोठ्या कौतुकाने सांगतात. त्यानंतर शंकराचा बाण आला. त्या बाणाचा उरलेला अग्नी या पर्वतात निजला आहे. माझ्या आजोबांनी प्रार्थना केली, म्हणून देवाने त्यावर हे जळ पांघरले. जळ निश्चल आहे तोवर खालची गावे सुरक्षित आहेत."

दर्भायणाने तिचे पाय धरले. "माते, मला शाप द्या. पण या गावांसाठी उपाय सांगा."

"ज्याने जळ हलवले, त्यानेच हलायचे नाही. इथे बैस, मान खाली घाल आणि काही मागू नकोस. कालबीजसुद्धा नाही. ते सूर्याच्या प्रतिबिंबात दिसते, आणि तू आरसाच फोडलास."

तो बसला. ओल्या वस्त्राने अंग काकडत होते, डास चावत होते, आणि मन गोदातीरी करपलेल्या शेतांकडे धाव घेत होते. रिकाम्या हातांनी गुरूंपुढे कसे उभे राहायचे, या विचाराने त्याला रडू आले. पण खाली गावांत चुली पेटल्या होत्या, मुलांचे आवाज वर येत होते. त्याने बोटसुद्धा हलवले नाही. हळूहळू पर्वताची घुमघुम थांबली.

मध्यान्हीच्या सुमारास धुके थोडा वेळ फाटले. लख्ख ऊन पडले. नुसती मान उचलली असती, तर कदाचित जळातला सूर्य दिसला असता. दर्भायणाने मान उचलली नाही. आणि खाली घातलेल्या त्याच डोळ्यांना दिसले की शेजारी रोवलेल्या आचार्येच्या दंडाची सावली आखडत आखडत दंडाच्या बुडाशी पार नाहीशी झाली आहे. सूर्य नेमका माथ्यावर होता, आणि तो तसा येतो तोच वर्षाचा पहिला दिवस. सरोवराकडे न बघताच त्याला कालबीज मिळाले.

धूम्रलेखेनेही ते पाहिले. तिने दंड उपटून हातात घेतला. मग म्हणाली, "शाप या जळाला देते. यापुढे हे रोज मध्यान्ही धुक्यात दडेल, म्हणजे कुणाचा हात लागायला नको. तुला वर देते. तुझ्या नदीकाठी दंड रोव. पावसाळ्याआधी ज्या दिवशी त्याची सावली हरवेल, तिथून वर्ष मोज. तुमचे बी आता वाया जाणार नाही."

दर्भायण परतला. गोदातीरी दंड रोवला गेला, सावली हरवली, वर्षाचा आरंभ सापडला आणि शेते वेळेवर हिरवी झाली. पण तो आला त्याच पहाटेची एक गोष्ट आश्रमात अजून सांगतात. पिंगाक्ष नेहमीप्रमाणे गोदावरीत गुडघाभर पाण्यात उभे होते, आणि त्यांचा स्नानवेडा शिष्य काठावर हात जोडून तसाच थांबला होता. त्यांनी विचारले, "दर्भायणा, उतरत का नाहीस?"

"गुरुदेव, उतरू का म्हणून तिला विचारतो आहे."

जन्मभर ज्या पाण्यात त्यांनी स्नान केले होते, त्यातून वृद्ध ऋषी हळूच बाहेर आले आणि शिष्याच्या शेजारी हात जोडून उभे राहिले. तेव्हापासून त्या आश्रमात कोणीही विचारल्यावाचून पाण्यात पाऊल टाकत नाही.