पानावरचा हात

"त्याच्यात असं काय आहे, बाबा, जे माझ्यात नाही?"

मैराळबाबा ओसरीवर पालथे पडले होते. कमरेवर तापवलेल्या वाळूची पुरचुंडी होती. अच्युतच्या नाकपुड्या फुगल्या आहेत हे त्यांना मान न वळवताही कळलं असावं.

"त्याला भूक लागते," ते म्हणाले.

"भूक काय, कुत्र्यालाही लागते!"

"लागते की."

अच्युतच्या अंगाचा तिळपापड झाला.

प्रकरण साधं होतं. सिंदफणेच्या काठच्या या मठात गादी नव्हती, छत्र नव्हतं. एक पितळी पळी होती. रोज दुपारच्या पंगतीला मठाचा मुख्य स्वतःच्या हाताने सगळ्यांना आमटी वाढायचा, आणि ती पळी ज्याच्या हाती द्यायचा तो पुढचा मुख्य व्हायचा. आज सकाळी बाबांना अंथरुणातून उठवेना. त्यांनी पळी मागवली आणि सगळ्यांच्या देखत सटवाच्या हातात दिली.

सटवा वीटभट्टीवरून आलेला. मठात त्याला पुरती दोन वर्षंही झाली नव्हती.

अच्युतला चौदा झाली होती.

"मी लोकांना काय शिकवतो, ठाऊक आहे ना तुम्हाला?" अच्युत म्हणाला. "माणसाच्या गरजा पायऱ्यांसारख्या असतात. पहिली पोटाची. मग डोक्यावरच्या छपराची. मग आपल्या माणसांची. मग मानाची. या चार मागे पडल्या की माणूस पाचव्या पायरीवर येतो. तिथे तो जे व्हायला जन्मला, ते होतो. गावोगावचे शिकलेले लोक हे ऐकायला येतात, बाबा."

"छान सांगतोस. मीही ऐकतो."

"मी चारही मागे टाकल्यात."

"तिसरीसुद्धा?"

"कधीच."

"आणि चौथी?"

अच्युत म्हणाला, "मला पळी नकोय. फक्त न्याय हवाय."

बाबांच्या खांद्यांवरून ते हसत असावेत असं वाटलं.

"तो अजून पहिल्या पायरीवर बसलाय," अच्युत म्हणाला. "रोज तीन-तीन पळ्या आमटी घेतो!"

"तीन? मोजतोस?"



अच्युत मोजत होता. रोज. आणि तेही डोळे मिटून.

मठाच्या पंगतीत बोलायचं नाही, असा नियम होता. कुणी मागायचं नाही, कुणी आग्रह करायचा नाही. पळसाच्या पानावर भाकरी चुरून, मधे आळं करून बसायचं. हवं असेल तर हात मांडीवर ठेवायचा, नको असेल तर पानावर आडवा धरायचा. वाढणाऱ्याने हाताकडे बघायचं आणि तसं करायचं.

मठात आल्याच्या पहिल्याच आठवड्यात अच्युतने पानावर हात आडवा धरला होता. बाबा कुणा जुन्या शिष्याजवळ त्याच्याविषयी कौतुकाचे दोन शब्द बोलतील, अशी त्याला आशा होती. निदान एकदा नियम मोडून "अरे, घे की थोडी," असं म्हणतील. बाबा काही बोलले नाहीत. मग दुसऱ्या दिवशी त्याने डोळेही मिटून घेतले, म्हणजे विरक्ती जरा ठळक दिसेल. तेव्हापासून चौदा वर्षं तो कोरडी भाकरी खात होता. आमटी नको, हे खोटं होतं. चुलीवर लसणाची फोडणी बसली की त्याच्या तोंडाला आजही पाणी सुटायचं.

आणि गेली जवळजवळ दोन वर्षं शेजारच्या पानावर सटवा बसत होता. मिटल्या डोळ्यांनी अच्युत ऐकायचा. एक पळी. दुसरी. तिसरी. आमटीचं त्याला काही नव्हतं. बाबा त्या गड्यासाठी तीनदा वाकतात, हे त्याच्या पोटात दुखायचं.

बरं, तो गडी उपकार मानणाराही नव्हता. एकदा ओढ्यावर पानं धुताना सटवा सरळ म्हणाला होता, "तुमच्या शेजारी बसलं की आमटी निवून जाती बगा, बुवा."

अच्युतला वाटलं होतं, हा टोमणा मारतोय. त्याने महिनाभर अबोला धरला. सटवाच्या ते ध्यानातही आलं नाही, म्हणून तो आणखी जळला.

"उद्या मी जातो," अच्युत आता म्हणाला. "दुसरा मठ बघतो. जिथे माणसाची पारख होते."

पुरचुंडी घसरून खाली पडली. बाबांनी ती पुन्हा कमरेवर ठेवायला हात मागे नेला, पण हात पोचेना. अच्युतने ते पाहिलं. रागात असूनही त्याने ती उचलून नीट ठेवली.

"जा," बाबा म्हणाले. "जेवून जा. आणि आज पंगतीत डोळे उघडे ठेव. एवढं माझं ऐक."

दुपारी पंगत बसली. दोघांनी धरून आणलेले बाबा आज पहिल्यांदाच रांगेत बसले, अच्युतच्या बरोबर समोर. त्यांनी भाकरी चुरली आणि हात मांडीवर ठेवला.

सटवा एका हातात आमटीची बादली आणि दुसऱ्या हातात पळी घेऊन निघाला. एका पानाशी वाकला, वाढलं, पुढे सरकला. दुसऱ्या पानाशी वाकला, वाढलं, पुढे सरकला. अच्युत डोळे उघडे ठेवून बघत होता. पळी धरायचीही अक्कल नाही, असं त्याला मनात म्हणायचं होतं, पण सटवा एक थेंबही सांडत नव्हता. त्यामुळे तो आणखीच चिडला.

सटवा त्याच्या पानाशी आला आणि वाकला.

अच्युतचा हात आपोआप पानावर गेला.

आता हा पुढे जाईल.

सटवा पुढे गेला नाही. तो भरलेली पळी हातात धरून तसाच वाकून राहिला. एक श्वास गेला. दुसरा गेला... रांगेतला कुणी चुळबुळला नाही, कुणी मान वर केली नाही. रोजचंच असल्यासारखे सगळे खाली बघून वाट पाहत होते. आमटीची वाफ अच्युतच्या तोंडावर येत होती, आणि हळूहळू ती येईनाशी झाली.

सटवाच्या कपाळावरून घामाचा थेंब ओघळला. बादलीच्या ओझ्याने त्याची कंबर आणखी वाकली.

चौदा वर्षांत पहिल्यांदा अच्युत पंगतीत बोलला. "पुढे जा ना!"

सटवाने फक्त बाबांकडे पाहिलं.

"हा पुढे का जात नाही, बाबा? याला कुणी थांबायला सांगितलं?"

"कुणी नाही," बाबा म्हणाले. "दोन वर्षं तुझ्या शेजारी बसून त्याने जे पाहिलं, तसंच करतोय."

अच्युतने रांगेकडे पाहिलं. मग सटवाकडे. मग समोर बसलेल्या, कमरेत मोडलेल्या म्हाताऱ्याकडे...

त्याचा हात अजून पानावरच होता.

बाबांनी आपला तळवा कमरेवर दाबून धरला.

"माझी पाठ याच पानापाशी गेली, अच्युता. त्याची तरी वाचव."